मांजर सोडू नका, टबाची सवय बदला

आपल्या वस्त्यांमध्ये मांजर हौसेपेक्षा गरजेने येते. घरात तांदळाचा डबा आहे, पोटमाळ्यावर गोधड्या आहेत, मागे उघडे गटार आहे, म्हणजे उंदीर-घुशी येणारच. एक मांजर दारात बसले की त्यांचा वावर कमी होतो. हळूहळू ते मांजर घरचेच होते. मुले त्याला नाव ठेवतात, आजी त्याला ताटातला घास टाकते.

मग घरातल्या सूनबाईला दिवस जातात आणि शेजारीपाजारी पहिला सल्ला देतात, "मांजर घराबाहेर काढा, नाहीतर बाळाला काहीतरी होईल." मांजराला गोणीत घालून लांबच्या मंडईत सोडून दिले जाते. आठ दिवसांत त्याचे काय होते, हे कोणी पाहायला जात नाही. ज्या घरात हे घडत नाही, तिथे दुसरी गोष्ट घडत असते. मांजराची शी तीच गरोदर सूनबाई रोज उचलत असते, कारण "घाणीचे काम" तिच्याच वाट्याचे असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. धोका खरा आहे, पण तो मांजर अंगाखांद्यावर खेळल्याने येत नाही. ज्या टबात किंवा रेतीत ते शी करते, ती वेळेवर न काढल्याने आणि काढल्यावर हात न धुतल्याने येतो. टबाची सवय बदलली तर मांजरही राहते आणि बाळही सुखरूप राहते.

धोका नेमका कशाचा?

टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक अतिसूक्ष्म परजीवी आहे. शास्त्रज्ञांना तो 1908 साली सापडला. तो अनेक प्राण्यांच्या शरीरात राहू शकतो, पण त्याची अंडी फक्त मांजराच्या जातीच्या प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतात. मांजराला हा परजीवी उंदीर किंवा पक्षी मारून खाल्ल्याने नाहीतर कच्चे मांस खाल्ल्याने मिळतो. पहिल्यांदा लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडे मांजराच्या शीतून ही अंडी पडतात. त्या काळात मांजर बहुधा ठणठणीत दिसते, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

यात एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. मांजराची ताजी शी लगेच रोग देत नाही. त्या अंड्यांना रोग देण्याइतके तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे चोवीस तासांच्या आत शी उचलून नीट गुंडाळून टाकली, तर टबातून लागण होण्याचा धोका फार कमी होतो. तीच शी आठवडाभर टबात पडून राहिली, तर रेतीला हात लागला, हात तोंडाला लागला, असे करत अंडी पोटात जाऊ शकतात. ओल्या मातीत ती महिनोन्महिने जिवंत राहतात.

निरोगी माणसाला ही लागण झाली तर बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही, किंवा थोडा ताप येतो आणि गाठी सुजतात. पण बाईला गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली, तर गर्भपात होऊ शकतो किंवा बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा होऊ शकते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्यांना, कॅन्सरचे उपचार चालू असलेल्यांना आणि किडनी बदललेल्यांनाही हा आजार जड जातो. अशा व्यक्तींनी टबाला हात लावू नये.

हेही ध्यानात ठेवा की हा परजीवी फक्त मांजराच्या टबातून येत नाही. अर्धवट शिजलेले मटण, न धुतलेली कोथिंबीर-मुळा आणि मातीत काम करून तसेच जेवायला बसणे, या वाटांनीही तो येतो. मांजर सोडून दिले आणि मटण कच्चटच खाल्ले, तर काही साधले नाही. गरोदर बाईने डॉक्टरांना किंवा आशाताईंना घरात मांजर आहे हे सांगावे. रक्त तपासायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

टब कसा असावा, कुठे असावा

दुकानात याला लिटर बॉक्स म्हणतात. तो विकत आणायलाच हवा असे नाही. जुने घमेले, कडा फुटलेला कपडे धुण्याचा टब किंवा तेलाचा आडवा कापलेला डबा चालतो. मात्र डब्याच्या धारदार कडा ठोकून आत वळवा. मांजराला त्यात पूर्ण वळता आले पाहिजे, म्हणून टब मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवा. पिल्लू असेल तर कड बुटकी हवी, नाहीतर ते चढू शकत नाही आणि कोपऱ्यात घाण करते.

दहा बाय बाराच्या खोलीत जागा शोधणे हाच मोठा प्रश्न असतो. पण दोन जागा टाळाच. पहिली, चुलीजवळची आणि पाण्याच्या पिंपाजवळची. दुसरी, मोरी. आपल्याकडे मोरीतच भांडी घासली जातात, तांदूळ धुतले जातात, मुलांना अंघोळ घातली जाते. तिथे टब नको. दारामागे, जिन्याखाली किंवा बाहेरच्या सज्ज्यावर आडोसा करून ठेवता येईल. मांजराचे खाणे-पाणीही टबापासून दूर ठेवा. मांजर जेवते तिथे शी करत नाही. आपण दोन्ही शेजारी ठेवले तर ते टब सोडून गोधडीवर जाते आणि मार खाते.

रांगणारे मूल घरात असेल तर टबासमोर फळी आडवी लावा. मांजर उडी मारून जाईल, मूल जाणार नाही.

टबात काय भरावे

साधी कोरडी, चाळलेली रेती, सुताराकडचा लाकडाचा भुसा किंवा फाडलेले वर्तमानपत्र, यांतले काहीही चालते. भुसा रंग किंवा पॉलिश लागलेल्या लाकडाचा नसावा. थर साधारण दोन इंचांचा हवा. पावसाळ्यात रेती ओलीच राहते, वास मारते आणि तिच्यावर माश्या बसतात. त्या चार महिन्यांत कागद बरा, कारण तो रोज बदलता येतो. चुलीची राख वापरू नका. ती उडून मांजराच्या आणि मुलांच्या नाकात जाते, आणि ओली झाली की मांजराच्या पंजांना चुरचुरते.

वास येतो म्हणून टबात डांबरगोळ्या टाकणारी घरे आहेत. डांबरगोळी मांजरासाठी विष आहे. वासासाठी टबाच्या तळाला चमचाभर खायचा सोडा भुरभुरवा आणि त्यावर रेती घाला. पण खरा उपाय शी लवकर उचलणे हाच आहे.

रोजचे काम, आठवड्याचे काम

सकाळ-संध्याकाळ शी आणि ओले झालेले गोळे उचला. दोनदा जमले नाही तर एकदा तरी उचलाच, चोवीस तास ओलांडू देऊ नका. यासाठी एक जुना झारा किंवा पत्र्याचे सुपले वेगळे काढा, त्याला लाल दोरा बांधा आणि ते पुन्हा कधीही स्वयंपाकाच्या भांड्यांत येऊ देऊ नका. हातात मोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी चढवा. काम झाल्यावर साबणाने नखांसकट हात धुवा.

आठवड्यातून एकदा सगळी रेती बदला आणि टब धुवा. कपड्यांच्या साबणाने घासा, मग उकळते पाणी ओतून पाच मिनिटे राहू द्या आणि उन्हात वाळवा. लोखंडी घमेल्याला उकळते पाणी चालते, पातळ प्लास्टिक वाकते, म्हणून टब शक्यतो जाड घ्या. टॉक्सोप्लाझ्माची अंडी साध्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत, पण उकळत्या पाण्याने मरतात. धुणे घराबाहेर करा. मोरीशिवाय जागाच नसेल तर सगळी भांडी उचलून ठेवा आणि नंतर मोरीही साबण व गरम पाण्याने घासून काढा.

फिनेल नको

घाण म्हटली की आपला हात फिनेलच्या बाटलीकडे जातो. मांजराच्या बाबतीत ही सवय जिवावर बेतू शकते. काळे फिनेल असो की पांढरे, तसेच पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होणारे जंतुनाशक असो, त्यांतले घटक मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. मांजर टबात उतरते, औषध पंजाला लागते आणि मांजर पंजे चाटते. अशा रीतीने ते रोज थोडे थोडे पोटात जाते. लाळ गळणे, लटपटणे, खाणे सोडणे ही लक्षणे दिसतात आणि घरचे म्हणतात, "कोणीतरी काही घातले."

ब्लीचिंग पावडरही टबावर टाकू नका. मांजराच्या लघवीत अमोनिया असतो. तो आणि ब्लीच एकत्र आले की त्रासदायक वायू तयार होतो. बंद खोलीत दम्याच्या माणसाला आणि लहान मुलाला तो सोसत नाही.

झुरळांचा खडू आणि उंदरांचे विषारी औषध टबाच्या आसपासही नको. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही मरू शकते. ज्या घरात उंदरांसाठी मांजर ठेवले आहे, तिथे विष ठेवू नये.

घरात हे काम कोणाचे?

गरोदर बाईचे नाही, हे तर झालेच. पण बाकीच्या दिवसांतही हे काम एकाच बाईच्या गळ्यात का पडावे? घाण काढणे हे काही माणसांचे जन्मजात काम आहे, ही कल्पना आपल्या आजा-पणजांच्या मानेवर शतकानुशतके बसलेली होती. बाबासाहेबांनी ती झुगारायला शिकवले. तीच कल्पना आपण घरात सुनेसाठी किंवा धाकट्या मुलीसाठी जपून ठेवली, तर आपण काय शिकलो?

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. मग त्यांनी भिक्खूंना एकमेकांची शुश्रूषा करण्याची शिकवण दिली. स्वतः तथागतांनी जे काम कमीपणाचे मानले नाही, ते घरातल्या पुरुषाला कमीपणाचे वाटण्याचे कारण नाही.

म्हणून पाळी लावा. सोमवार ते बुधवार बाबांची, गुरुवार ते शनिवार मोठ्या मुलाची, रविवारी टब धुणे दोघांचे. घरात दुसरे कोणीच नसेल आणि गरोदर बाईलाच हे करावे लागत असेल, तर तिने मोजे घालून, रोजच्या रोज शी उचलून लगेच साबणाने हात धुवावेत.

घराबाहेर ती कोणाच्या हाताला लागते?

टब साफ केला आणि पुडके गटारात फेकले, म्हणजे काम झाले असे नाही. रेती आणि भुसा गटारात किंवा सार्वजनिक संडासात टाकला की तो खाली बसतो. दुकानातली ओली होऊन गोळा बनणारी माती तर सिमेंटसारखी चिकटते. पहिल्या मोठ्या पावसात गटार तुंबते आणि पाणी आपल्याच घरात शिरते. मग ते मोकळे करायला माणूस बोलावला जातो. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरीही माणसे उतरवली जातात आणि आत गुदमरून मरतात. ती माणसे बहुतेक वेळा कोणत्या वस्तीतली असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

घंटागाडीवरचा कामगार आणि कचरावेचक बहीण हातानेच कचरा वेगळा करतात. उघडी शी त्यांच्या बोटांना लागते. म्हणून ती वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत गुंडाळा, दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि वेगळी द्या. ओल्या कचऱ्यात मिसळू नका, कारण त्याचे पुढे खत होते. पुण्यात "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची पद्धत लोकांसमोर आणली. काढणाऱ्याला आत काय आहे ते न उघडता कळावे, हा त्यामागचा हेतू. मांजराच्या पुडक्यावरही आपण तशीच खूण करू शकतो आणि आपल्या घंटागाडीच्या कामगाराला ती एकदा सांगून ठेवू शकतो. एक पेन पुरतो.

वस्तीत बांधकामाची रेती उघडी पडलेली असते. मोकाट मांजरे तिथे शी करतात आणि मुले तिथेच किल्ले करतात. त्या ढिगावर रात्री ताडपत्री टाकायला मालकाला सांगा. डब्यात कोथिंबीर-मिरची लावली असेल तर त्यावरही जाळी ठेवा.

टब बघून मांजराची तब्येत कळते

पातळ शी दिसली तर आधी दूध बंद करून बघा. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, आणि आपण मात्र प्रेमाने रोज दूध-भाकर घालतो. कोंबडीचे पाय, आतडी, मासळीची डोकी कच्ची देऊ नका, उकडून द्या. त्याने टॉक्सोप्लाझ्माची वाटही अडते. शीत तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे किंवा दोऱ्यासारखे जंत दिसले तर जंताचे औषध हवे. पिल्लांना ते पशुवैद्यांच्या सल्ल्याने वारंवार लागते, मोठ्या मांजराला साधारण दर तीन महिन्यांनी.

बोका पुन्हा पुन्हा टबात जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, पण लघवी होत नाही, असे दिसले तर ते बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. त्याचा लघवीचा मार्ग अडलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत बोका मरू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि मांजराला आपल्या घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे.

शासनाचे पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्याच्या ठिकाणी असतात. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे, नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे नसबंदीचीही चौकशी करा. नसबंदी झालेला बोका सहसा भिंतीवर पिचकाऱ्या मारत नाही, घरचा वास कमी होतो आणि दर सहा महिन्यांनी पिल्लांचे काय करायचे हा प्रश्नही उरत नाही.

तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस द्या आणि पुढे दरवर्षी देत राहा. टब साफ करताना मांजर चावले किंवा रक्त निघेल असे ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. डॉक्टरांनी दिलेल्या तारखांपैकी एकही चुकवू नका.

भीती आणि समज

मांजर आडवे गेले की काम होत नाही, मांजराचा केस पोटात गेला की मूल होत नाही, अशा गोष्टी आपल्याही घरांत अजून ऐकू येतात. त्यांना आधार नाही. पण "आम्ही अंधश्रद्धा मानत नाही" म्हणून टबाकडे दुर्लक्ष करणे हाही शहाणपणा नव्हे. बावीस प्रतिज्ञांतली तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचा सांभाळ करण्याची आहे. सांभाळ म्हणजे दूध-भाकर घालणे, आणि टब साफ करणेही.

भिंतीवर लावण्यासाठी

1. शी चोवीस तासांच्या आत उचला. टब आठवड्यातून एकदा साबण आणि उकळत्या पाण्याने धुवा.
2. गरोदर बाई, लहान मुले आणि मोठ्या आजारातली माणसे टबापासून दूर.
3. टब चुलीजवळ नको, पिंपाजवळ नको, मोरीत नको.
4. फिनेल, ब्लीच, डांबरगोळी, झुरळांचा खडू टबाजवळ नको.
5. पुडके कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्या. गटारात काही टाकू नका.
6. मांजराला कच्चे मांस देऊ नका, आणि आपणही अर्धकच्चे खाऊ नका.
7. चावा किंवा ओरखडा झाल्यास पंधरा मिनिटे साबणाने धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा.
8. टबाची पाळी घरातल्या सर्वांची.

जय भीम!